लाइन आली की एसएमपीएस उडतो: गावातल्या दुकानातले तीन पीसी कसे टिकवावे?

पऱ्हाटी (प्रश्न)

दारव्हा तालुका, जिल्हा यवतमाळ. ऑनलाइन फॉर्म, सातबारा, पीक विम्याचे अर्ज, झेरॉक्स असं काम आहे. तीन पीसी, एक इंक टँक प्रिंटर, एक लेझर प्रिंटर, ६०० व्हीएचा एक यूपीएस. सध्याची अवस्था अशी:

पहिला पीसी, तिसऱ्या पिढीचा आय-३, एच६१ मदरबोर्ड. मार्चपासून दोन एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) उडाले. दोन्ही वेळा लाइन जाऊन परत आली तेव्हाच.

दुसरा पीसी सकाळी व्यवस्थित चालतो. दुपारी एकनंतर वीस-पंचवीस मिनिटांत आपोआप रीस्टार्ट होतो. कूलर त्याच्या समोरच लावला आहे तरी फरक नाही.

तिसऱ्याचा पंखा फिरतो, डिस्प्ले येत नाही. बंद पडायच्या आधी तो फार हळू चालत होता, तारीख रोज मागे जात होती आणि सरकारी साइट उघडत नव्हत्या.

यूपीएसची बॅटरी अकरा महिन्यांपूर्वी बदललेली आहे, बॅकअप जेमतेम दोन मिनिटं. शिवाय पहिल्या पीसीच्या कॅबिनेटला हात लागला की झिणझिण्या येतात.

जवळ मल्टीमीटर, २५ वॅटची सोल्डरिंग गन, पेचकस आणि ब्लोअर आहे. तपासणी कोणत्या क्रमाने करावी, दुकानातच काय होईल आणि यवतमाळ-अमरावतीला काय पाठवावं, हे जाणकारांनी सांगावं. पार्ट बदलत राहणं आता परवडत नाही.

---

फेज_न्यूट्रल

पार्ट बदलणं आजपासून थांबवा. झिणझिण्या, दोन एसएमपीएस आणि बॅटरीचं अकाली मरण या तिन्हींची मुळं बहुधा भिंतीतल्या बोर्डात आहेत, पीसीत नाहीत. आधी वीज मोजा.

मीटर एसी ७५० व्होल्टच्या रेंजवर ठेवा आणि पीसीच्या सॉकेटमध्ये तीन जोड्या मोजा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. एकदाच मोजून उपयोग नाही. दुपारी तीनला, संध्याकाळी सात-साडेसातला आणि रात्री दुकान बंद करताना मोजा आणि वहीत लिहा. संध्याकाळी कूलर चालू असताना एकदा आणि बंद करून एकदा घ्या. फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास हवं. न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत हवं. न्यूट्रल-अर्थ शून्य दिसलं तर लगेच खूश होऊ नका. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडून देतात. हा जुगाड जीवघेणा आहे, कारण मागे कुठे न्यूट्रल तुटला तर कॅबिनेटच्या पत्र्यावर पूर्ण फेज येतो. सॉकेट उघडून पाहा, जोडलेलं असेल तर आधी ते काढा.

अर्थिंगला नुसतं व्होल्टेज आहे म्हणून ते चांगलं ठरत नाही. डिजिटल मीटर इतका कमी करंट घेतो की कुजलेल्या अर्थिंगवरही २३० दाखवतो. त्यावर थोडा भार टाकून पाहावा लागतो. १०० वॅटचा जुना तारेचा बल्ब फेज आणि अर्थच्या मध्ये लावायचा आणि बल्ब पेटलेला असताना फेज-अर्थ पुन्हा मोजायचं. बल्ब सुमारे ०.४३ अँपिअर घेतो. व्होल्टेज दोनच व्होल्ट खाली आलं तर अर्थिंग पाच ओहमच्या आसपास, म्हणजे चांगलं. बल्ब मिणमिणला तर अर्थिंग नावालाच आहे.

मात्र ही तपासणी एकट्याने करू नका, वायरमनकडून करून घ्या. अर्थिंग खराब असेल तर बल्ब लावलेल्या वेळात अर्थला जोडलेल्या प्रत्येक पत्र्यावर व्होल्टेज येतं. म्हणून आधी दुकानातले सगळे प्लग काढायचे, कूलरचासुद्धा, आणि कोणी कशाला हात लावायचा नाही. आरसीसीबी (करंटची गळती होताच लाइन तोडणारा स्विच) बसवलेला असेल तर तो ट्रिप होणारच.

झिणझिण्यांचं कारणही इथेच आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ यांच्यात दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ मिळाला नाही की कॅबिनेटवर निम्मं, म्हणजे ११०-११५ व्होल्ट येऊन बसतं. करंट अगदी कमी असल्याने माणसाला फक्त चुरचुर जाणवते. पण त्याच स्थितीत प्रिंटरची यूएसबी किंवा मॉनिटरची केबल लावली की तो करंट पोर्टमधून वाट काढतो. गावाकडे यूएसबी पोर्ट आणि व्हीजीए-एचडीएमआय मरतात ते बहुतेक असेच. अर्थिंग नीट होईपर्यंत सगळे प्लग काढल्याशिवाय एकही केबल लावू-काढू नका.

---

तालुक्याचा मेकॅनिक

पऱ्हाटी भाऊ, लाइन आल्यावरच एसएमपीएस काहून उडते, तेवढं सांगतो.

एसएमपीएसच्या आत सुरुवातीला एक गोल चकतीसारखा एनटीसी थर्मिस्टर असते. थंड असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त, त्यामुळे मोठे कपॅसिटर हळूच भरतात. चालू पीसीत तो तापलेला असते आणि त्याचा रेझिस्टन्स जवळपास संपलेला असते. लाइन गेली आणि दहा सेकंदात परत आली तं तो अजून गरमच असते, पण कपॅसिटर तेवढ्यात रिकामे झाले. मग करंटचा पूर्ण लोंढा ब्रिज डायोडवर येते. लाइन दोन-तीनदा झपझप गेली-आली की फ्यूज नाही तं डायोड जाते. म्हणून लाइन गेली की बोर्डाचं बटन बंद करा लागते आणि लाइन स्थिर झाल्यावर दोन-तीन मिनिटांनी चालू करा लागते. फुकटचा उपाय आहे, पण दुकानात गर्दी असली की नेमका हाच राहून जाते.

दुसरं कारण जास्त व्होल्टेज. साध्या एसएमपीएसमध्ये २०० व्होल्टचे दोन कपॅसिटर सिरीजमध्ये असतात, मिळून ४०० व्होल्ट. एसीचं डीसी होताना १.४१४ ने गुणा. २३० चे ३२५ होतात, ते झेपते. २९० आले की ४१० होतात, मग कपॅसिटर फुगते. डीपीवरचा न्यूट्रल सुटला तं एकेका घरात त्याहून जास्त व्होल्टेज जाऊ शकते. त्याची खूण ओळखून ठेवा: काही घरचे बल्ब एकदम लख्ख आणि काही घरचे मंद. असं दिसलं की विचार न करता मेन बंद करा.

उडालेला एसएमपीएस उघडायचा असेल तं प्लग काढून किमान दहा मिनिटं थांबा आणि मोठ्या कपॅसिटरवर डीसी मोजा. ३०० व्होल्ट तसेच बसलेले असू शकतात. पेचकसाने शॉर्ट करून ठिणगी काढू नका, बल्बाच्या होल्डरच्या दोन तारा लावून कपॅसिटर रिकामा करा. आत फ्यूज काळा पडलेला दिसला तं नुसता फ्यूज टाकून चालू करू नका. फ्यूज स्वतः क्वचितच मरते, त्याच्या मागे काहीतरी शॉर्ट असते: निळी किंवा पिवळी एमओव्ही चकती (जास्तीचं व्होल्टेज झेलणारी), ब्रिज डायोड, नाही तं स्विचिंग ट्रान्झिस्टर. डायोड मोडवर एकेक तपासा. दुरुस्तीनंतर पहिल्यांदा चालवताना ६०-१०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावा. बल्ब क्षणभर पेटून विझला तं ठीक, पेटलेलाच राहिला तं शॉर्ट अजून आत आहे.

फक्त एमओव्ही, फ्यूज आणि ब्रिज गेला असेल तं दुरुस्त करा. ट्रान्झिस्टरसोबत आयसीही गेली असेल तं नवीन घ्या. आणि नवीन घेताना डब्यावरचे ४५० वॅट वाचू नका, हातात धरून वजन पाहा. हलक्या डब्यात इनपुट फिल्टरची कॉइल आणि एमओव्हीच बसवलेली नसते, तिथे नुसते जम्पर असतात. तुमच्या आय-३ ला ८०-१०० वॅटच्या वर लागत नाही. खरा ३०० वॅटचा चांगला एसएमपीएस खोट्या ५०० पेक्षा बरा.

नवीन बसवला की पीसी चालू असताना मोलेक्स या चार पिनच्या प्लगच्या पिवळ्या तारेवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ येते का पाहा. पीसी बंद आणि भिंतीवरचं बटन चालू असताना २४ पिनच्या जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट पाहिजे. तेच नसेल तं पॉवर बटन कितीही दाबा, काही होत नाही. बाहेर काढून तपासताना हिरवी तार कोणत्याही काळ्या तारेला जोडली की पंखा फिरते. पण पंखा फिरला म्हणजे एसएमपीएस चांगला, असं समजू नका. भाराखाली मोजलेलंच खरं.

---

पऱ्हाटी

वायरमनला बोलावून मोजून घेतलं. आकडे असे:

दुपारी ३: फेज-न्यूट्रल २३८, फेज-अर्थ २४१.
संध्याकाळी ७.३०, कूलर चालू: फेज-न्यूट्रल १९६, फेज-अर्थ २०७, न्यूट्रल-अर्थ ११.
लगेच कूलर बंद करून: फेज-न्यूट्रल २०३, फेज-अर्थ २०७, न्यूट्रल-अर्थ ४.
रात्री ११, सगळं बंद: फेज-न्यूट्रल २५८, न्यूट्रल-अर्थ १ पेक्षा कमी.

१०० वॅटचा बल्ब लावल्यावर दुपारचं फेज-अर्थ २४१ वरून १७० वर आलं. आणि पहिला पीसी ज्या एक्स्टेन्शन बोर्डवर आहे त्याची वायर दोनच तारांची निघाली. सॉकेट तीन पिनचे, पण अर्थची तार आत नाहीच.

---

फेज_न्यूट्रल

आकडे नीट घेतले आहेत, त्यामुळे आता अंदाज बांधायची गरज नाही.

झिणझिण्यांचा उलगडा एक्स्टेन्शननेच केला. तो बोर्ड फेकू नका, १.५ चौ.मिमीची तीन तारांची वायर टाकून पुन्हा जोडा आणि हिरवी तार प्रत्येक सॉकेटच्या मोठ्या पिनपर्यंत न्या.

संध्याकाळचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. कूलर बंद केल्यावर फेज-अर्थ जागचं हललं नाही, २०७ च राहिलं. म्हणजे फेजची तार ठीक आहे. हलला तो न्यूट्रल, सात व्होल्टने. कूलर २०० वॅटच्या आसपासचा असेल तर तो साधारण एक अँपिअर घेतो. एका अँपिअरला सात व्होल्ट, म्हणजे तुमच्या न्यूट्रलच्या वाटेत सात ओहम अडकलेले आहेत. चांगल्या वायरिंगमध्ये तो आकडा एक ओहमच्याही खाली असतो. कुठेतरी न्यूट्रलचा जोड सैल किंवा काळा पडलेला आहे. मीटरनंतरचा मेन स्विच, किटकॅटची न्यूट्रल लिंक आणि बोर्डातले पिळून टेप मारलेले जोड, या तीन जागा मेन बंद करून वायरमनने उघडून पाहाव्यात. अॅल्युमिनियमची तार तांब्याला नुसती पिळून जोडलेली असेल तर बहुधा दोष तिथेच सापडेल. मीटरच्या आधीचं, खांबापासून मीटरपर्यंतचं काम वीज कंपनीच्या लाइनमनचं आहे, तिथे खाजगी माणसाला हात लावू देऊ नका. हा जोड अजून सैल होऊन स्पार्क होऊ लागला तर लाइन न जाताही पीसी रीस्टार्ट होतील.

बल्बवर ७० व्होल्ट पडले, म्हणजे अर्थिंग दोनशे ओहमच्या घरात. तुमची जमीन काळी, भारी असणार. काळी माती ओली असते तोवर अर्थिंगला उत्तम. पण एप्रिल-मेमध्ये ती आक्रसते, हातभर भेगा पडतात आणि पाइपभोवतीची माती पाइप सोडून देते. पावसाळ्यात मोजलेलं अर्थिंग उन्हाळ्यात नसतंच. नवीन खड्डा घ्याल तर ४० मिमीचा जीआय पाइप, किमान अडीच मीटर लांब, खालच्या भागात छिद्रं पाडलेला, भोवती कोळसा आणि मिठाचे थर. वर फनेल आणि झाकण ठेवा. जुना पाइप कुजलेला नसेल तर आधी दोन-तीन दिवस त्यात रोज दोन बादल्या पाणी सोडा आणि पुन्हा बल्ब लावून पाहा, आकड्यात बराच फरक पडतो. मग उन्हाळाभर आठवड्यातून दोनदा पाणी. जागा शक्य असेल तर कूलरचं पाणी सांडतं त्या बाजूला घ्या.

रात्रीचे २५८ व्होल्ट ही वेगळी गोष्ट आहे. गावावरचा भार उतरला की व्होल्टेज चढतं. दुकान बंद करताना सगळं बोर्डावरून बंद करा. आणि मीटरनंतर डीआयएन पट्टीवर बसणारा ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर लावा. वरची मर्यादा २६५, खालची १७५-१८०, पुन्हा जोडण्याचा वेळ ६० ते १८० सेकंद. मेकॅनिक भाऊंनी गरम थर्मिस्टरचं जे सांगितलं, त्यावर हा वेळेचा पर्यायच उपाय आहे. गर्दीत बटन बंद करायचं राहिलं तरी काळजी नाही. न्यूट्रल सुटून ३०० व्होल्ट आले तरी हाच तोडतो. फक्त यूपीएस आणि पीसी याच्या पुढे असले पाहिजेत.

---

उन्हाळी

दुसऱ्या पीसीबद्दल. सकाळी ठीक आणि दुपारी बंद, हे तापण्याचं लक्षण आहे. एचडब्ल्यू मॉनिटर हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाकून दुपारी पाहा. खोलीत ४२ अंश असताना प्रोसेसर त्याखाली जाऊच शकत नाही. रिकामा असताना ५०-५५ आणि कामात ८०-८५ पर्यंत चालेल. ९५-१०० ला टेकत असेल तर कारण सापडलं. तापमान ठीक असूनही रीस्टार्ट होत असेल तर मग एसएमपीएसचे कपॅसिटर फुगलेत का ते पाहा.

कूलर समोर लावून उपयोग नाही, उलट नुकसान आहे. खोलीची हवा बाहेर जायला वाट नसेल तर कूलर फक्त दमटपणा वाढवतो. पॅडवर पाणी जास्त सोडलं की बारीक थेंब उडतात आणि बोअरच्या पाण्यातला क्षार बोर्डावर पांढऱ्या पावडरीसारखा बसतो. अकोला-अमरावतीच्या खारपाणपट्ट्यात रॅमच्या आणि चार्जिंगच्या पिना हिरव्या पडतात त्या अशाच. कूलर माणसांकडे वळवा, पीसी बाजूच्या भिंतीला ठेवा, समोरची खिडकी उघडी ठेवा. कॅबिनेट जमिनीवर नको, फूटभर उंच स्टुलावर ठेवा.

ब्लोअर मारून भागलं असं समजू नका. कापसाच्या हंगामात रुईचे तंतू आणि सोयाबीन-तुरीच्या मळणीची धूळ मिळून हीटसिंकच्या वर, पंख्याखाली, वाकळेसारखा थर बसतो. वरून हवा मारली की तो आणखी आत दाबला जातो. पंखा हीटसिंकवरून सोडवा, थर हाताने उचला, मग एक इंची ब्रश, मग ब्लोअर. ब्लोअर मारताना प्रत्येक पंख्याच्या पात्यात बोट किंवा काडी धरा. पंखा वाऱ्याने गरगरला की बेअरिंग घासतं. हे काम अंगणात, तोंडाला रुमाल बांधून करा.

हीटसिंक काढलाच तर पेस्ट बदलायचीच. जुनी वाळलेली पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, थिनर किंवा पेट्रोल नको. नवी पेस्ट मधोमध तुरीच्या दाण्याएवढी, बोटाने पसरायची नाही. इंटेलच्या चार प्लॅस्टिक खुंट्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत दाबा, चार वेळा टक् आवाज आला पाहिजे, आणि बोर्ड उलटा करून चारही टोकं बाहेर आली का पाहा. आपल्याकडच्या उन्हात या खुंट्या ठिसूळ होतात. एक जरी तुटली तरी हीटसिंक एका बाजूने उचलला जातो आणि पेस्ट कितीही चांगली असली तरी पीसी तापतोच. एएमडीचा एएम-४ असेल तर आधी दहा मिनिटं चालवून गरम करा आणि हीटसिंक हलकेच पिळत काढा. सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात.

मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या गेल्या असतील तर तिथे बारीक जाळी लावा. पाल आत शिरून एसएमपीएसमध्ये किंवा बोर्डावर शॉर्ट करणं ही गावाकडे नेहमीची गोष्ट आहे, आणि उंदरांना सॅटाची केबल फार आवडते.

---

खोडरबर

तिसऱ्या पीसीत दोन वेगळे आजार आहेत, ते वेगळे ठेवा.

आधी डिस्प्ले. प्लग काढा, पॉवर बटन दहा सेकंद दाबून धरा. रॅम काढून सोनेरी पट्ट्यांवर साधा पांढरा खोडरबर दोन्ही बाजूंनी फिरवा, कण झटका, स्लॉट कोरड्या ब्रशने साफ करा. सँडपेपर कधीच नाही, सोन्याचा थर जातो. दोन रॅम असतील तर एकच लावून दोन्ही स्लॉटमध्ये आळीपाळीने पाहा. मग प्रोसेसरजवळचा चार पिनचा १२ व्होल्टचा प्लग घट्ट आहे का ते पाहा. तो सुटला तरी पंखे मजेत फिरतात आणि डिस्प्ले येत नाही. नंतर मदरबोर्डवरचा नाण्यासारखा सेल काढून पाच मिनिटं थांबा, म्हणजे बायोसची सेटिंग मूळ पदावर येईल. एवढ्यानेही नाही आलं तर बोर्ड कॅबिनेटमधून काढून पुठ्ठ्यावर ठेवा, प्रोसेसर, एक रॅम आणि चांगला एसएमपीएस एवढंच लावून पाहा. पुठ्ठ्यावर चाललं तर कॅबिनेटचा एखादा पितळी खुंटा चुकीच्या जागी टेकतो आहे. पुठ्ठ्यावरही नाही चाललं, तरच बोर्ड यवतमाळला पाठवा.

सेल सीआर२०३२, नवा तीन व्होल्टच्या थोडा वर दाखवतो. २.८ च्या खाली असेल तर बदला. पीसीला वीज असते तोवर मदरबोर्ड हा सेल वापरत नाही. रोज रात्री भिंतीवरच्या बोर्डावरून बंद करणाऱ्या दुकानात तो लवकर संपतो. तरी बंद करणं सोडू नका, सेल स्वस्त आहे. साइट न उघडण्याचं कारणही हाच सेल. तारीख मागे गेली की वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र ब्राउझरला अवैध वाटतं, आणि डिजिटल सहीही चालत नाही. ब्राउझर बदलण्याआधी, नेटवाल्याला फोन करण्याआधी, उजव्या कोपऱ्यातली तारीख पाहायची.

आता हळू चालणं. डिस्प्ले आल्यावर क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. खराब सेक्टर मोजणाऱ्या ०५, सी५ आणि सी६ या ओळींचा शेवटचा आकडा शून्य नसेल तर हार्डडिस्क मरायला लागली आहे. सी७ वाढलेला असेल तर डिस्क नाही, सॅटा केबल खराब आहे. सी५ दिसत असताना चेकडिस्क मुळीच चालवू नका. ती खराब जागा पुन्हा पुन्हा वाचत बसते आणि उरलीसुरली डिस्कही घालवते. आधी फाइली काढा, सगळ्यात महत्त्वाच्या सर्वांत आधी. क्लोनझिलाने पूर्ण नक्कल करणार असाल तर रेस्क्यूचा पर्याय निवडा, नाहीतर पहिल्याच खराब सेक्टरवर ते थांबतं.

फाइली काढताना डेस्कटॉप आणि डाउनलोड सोबत सी ड्राइव्हमधलं फॉन्ट फोल्डर घ्या. कृतिदेवमध्ये टाइप केलेली जुनी पत्रं आणि ठराव नव्या विंडोजमध्ये निरर्थक रोमन अक्षरं दाखवतात. फाइल बिघडलेली नसते, फक्त फॉन्ट नसतो. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर, बोटांचे ठसे घेणाऱ्या यंत्राचं सॉफ्टवेअर (आरडी सर्व्हिस) आणि स्कॅनरचा ड्रायव्हर एका पेनड्राइव्हमध्ये कायमचे ठेवा, नेट बंद असताना हेच अडतं.

नंतर २५६ जीबीची एसएसडी लावा, याच पीसीत जमीन-अस्मानाचा फरक दिसेल. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची लागते, त्यामुळे तुमचा तिसऱ्या पिढीचा आय-३ त्यात अधिकृतपणे बसत नाही. पुढची खरेदी जुन्या बोर्डावर न करता आठव्या पिढीच्या पुढच्या पीसीची करा. तो आला की पैशाचे आणि आधारचे व्यवहार नव्या पीसीवर, टायपिंग आणि प्रिंट जुन्यावर.

आणि एक विनंती. या डिस्कवर गावातल्या लोकांचे आधार, पासबुक, जमिनीचे कागद स्कॅन होऊन पडलेले असणार. दुरुस्तीला डिस्क बाहेर देऊ नका, कॅबिनेट डिस्क काढूनच पाठवा. काम झालं की स्कॅन त्याच दिवशी पुसायची सवय लावा. लोक विश्वासाने कागद देतात.

---

आषाढ

विजांचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. अवकाळीत आणि जूनच्या सुरुवातीला पीसी मरतात ते नेहमी विजेच्या तारेतून नाही, लॅनच्या केबलमधूनही मरतात. फायबरच्या काचेतून झटका येत नाही. पण खांबावरून येणाऱ्या केबलला आधाराची पोलादी तार असते, ती भिंतीबाहेरच कापून हुकाला बांधायची, दुकानात आणायची नाही. राउटरचा अडॅप्टर मेनवर असतो, झटका तिथून राउटरमध्ये आणि लॅनमधून तिन्ही पीसीत पोचतो. आभाळ गडगडायला लागलं की प्लगसोबत लॅनही काढा. नुसतं बटन बंद करून भागत नाही. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेचं दामिनी अॅप मोबाइलमध्ये ठेवा, आसपास वीज पडत असल्याचा इशारा देतं. लॅन पोर्ट मेलं आणि बाकी पीसी ठीक असेल तर बोर्ड बदलू नका, यूएसबीचा लॅन अडॅप्टर लावा.

---

पऱ्हाटी

एक्स्टेन्शन बदललं. न्यूट्रलचा जोड मेन स्विचमध्ये जळालेला सापडला, नवा स्विच टाकला. आता कूलर चालू-बंद केल्यावर न्यूट्रल-अर्थ अर्ध्या व्होल्टच्या वर हलत नाही. अर्थिंगच्या पाइपात पाणी सोडतो आहे. तिसऱ्याचा डिस्प्ले रॅम साफ करून आला, सी५ मध्ये २४ दिसतो, फाइली काढणं चालू आहे.

यूपीएसचं काय करू? लेझर प्रिंटरही त्यावरच आहे. घरी १५० एएचच्या ट्यूब्युलर बॅटरीचा साइन वेव्ह इन्व्हर्टर आहे, तो दुकानात आणू का?

---

तालुक्याचा मेकॅनिक

लेझर प्रिंटर आजच यूपीएसवरून काढा. ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅट देते आणि लेझरचा फ्यूजर तापताना त्याच्या दुप्पट-तिप्पट ओढते. बॅटरी निम्मी तिथेच मेली असेल. बाकी निम्मी गरमीने, कारण सीलबंद बॅटरीचं आयुष्य २५ अंशाच्या हिशोबाने असते, दर दहा अंशाला साधारण अर्धं होत जाते. यूपीएस टेबलाखाली कोंडू नका.

बॅटरी तपासायची तं चार्ज करून तासभर मोकळी ठेवा, १२.७ च्या आसपास पाहिजे. मग मोटारसायकलचा १२ व्होल्ट ३५ वॅटचा बल्ब लावा. चांगली ७ एएचची बॅटरी अर्ध्या तासानंतरही ११.८ च्या वर राहते. पाच मिनिटांत १०.५ च्या खाली आली तं संपली. नवीन टाकायच्या आधी बॅटरीच्या तारांवर चार्जिंग मोजा, १३.५ ते १३.८ पाहिजे. १४.५ च्या वर येत असेल तं यूपीएसच बॅटरी उकळवते, मग कितीही बॅटऱ्या टाका, वर्षाच्या आत जाते.

इन्व्हर्टर आणा, चांगला उपाय आहे. मागच्या बाजूचं बटन यूपीएस मोडवर ठेवा. त्या मोडमध्ये तो दहा मिलिसेकंदांच्या आसपास बदल करते आणि एसएमपीएस साधारण सोळा मिलिसेकंद तग धरते, म्हणून पीसी बंद पडत नाही. दुसऱ्या मोडमध्ये बदलायला वेळ लागते, पीसी रीस्टार्ट होते. पण यूपीएस मोडची खालची मर्यादा १८० च्या आसपास असते. संध्याकाळी १८० च्या खाली जात असेल तं इन्व्हर्टर उगाच बॅटरीवर चालेल आणि लाइन जाईपर्यंत ती रिकामी होईल. न्यूट्रल दुरुस्त झाल्यावर आता साडेसातला किती येते ते मोजा. २०० च्या वर असेल तं बिनधास्त लावा, आणि मग छोट्या यूपीएसची गरज नाही. इन्व्हर्टरच्या मागे पुन्हा यूपीएस लावू नका. कूलर आणि लेझर दोन्ही सरळ मेनवर, वेगळ्या सॉकेटला.